कोलेस्टेरॉलची गोळी घ्यावी की नको? दवाखान्यात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लालबागच्या माझ्या दवाखान्यात संध्याकाळच्या वेळी कुणा ना कुणाच्या हातात लिपिड प्रोफाईलचा, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या रक्ततपासणीचा, कागद असतोच. कागदावर लाल अक्षरात छापलेला एखादा आकडा, मोबाईलमध्ये "स्टॅटिन म्हणजे विष" असा व्हॉट्सअ‍ॅपवरचा व्हिडिओ, आणि चेहऱ्यावर प्रश्न. (स्टॅटिन म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी नेहमीची गोळी.) गर्दीत प्रत्येकाला नीट उत्तर देता येत नाही, म्हणून नेहमीचे प्रश्न इथे एकत्र लिहून ठेवले आहेत. हे वाचून स्वतःची गोळी सुरू करू नका आणि बंदही करू नका. तुमच्या डॉक्टरांशी बोलताना हाताशी असावं, एवढ्यासाठी हे लिखाण.

माझं कोलेस्टेरॉल २३८ आलंय. लगेच गोळी लागेल का?

नुसत्या २३८ वरून मलाच काय, कुणालाच सांगता येणार नाही. समजा, ३४ वर्षांची एक मुलगी आहे. बीपी नाही, शुगर नाही, तंबाखू नाही, घरात कुणाला हृदयविकार नाही. तिचं २३८ आहे. आणि ५८ वर्षांचे एक गृहस्थ आहेत. दहा वर्षांपासून डायबेटिस, बीपीची गोळी चालू, सकाळी मिश्री लावल्याशिवाय दिवस सुरू होत नाही, मोठ्या भावाची पन्नाशीत अँजिओप्लास्टी झालेली. त्यांचंही २३८. कागद सारखा, माणसं वेगळी. मुलीला मी सहा महिने खाण्यापिण्याकडे लक्ष देऊन पुन्हा तपासायला सांगेन. काकांना त्याच दिवशी गोळी लिहून देईन आणि मिश्रीवरून भांडेन ते वेगळंच.

म्हणजे प्रश्न "कोलेस्टेरॉल किती?" एवढाच नाही. पुढच्या दहा वर्षांत तुम्हाला हार्ट अटॅक किंवा पक्षाघात येण्याची शक्यता किती, हा खरा प्रश्न आहे आणि कोलेस्टेरॉल हा त्या हिशेबातला एक आकडा आहे.

तीन ठिकाणी मात्र फार घोळ घालण्यात अर्थ नाही, गोळी लागतेच. पहिलं, आधी अटॅक, स्टेंट, बायपास किंवा रक्ताची गुठळी होऊन पक्षाघात झालेला असेल तर. दुसरं, एलडीएल (रक्तवाहिन्यांत साठणारं "वाईट" कोलेस्टेरॉल) १९० किंवा त्याहून जास्त असेल तर. एवढा आकडा बहुतेक वेळा वडापावमुळे येत नाही, तो घराण्यातून येतो. तिसरं, चाळिशी ओलांडलेली आणि डायबेटिस असेल तर.

या गोळीचा फायदा नक्की होतो तरी किती?

इथे जरा थांबून वाचा, कारण सगळी फसगत याच ठिकाणी होते. दोन्ही बाजूंची.

आधी ज्यांना हृदयविकार झालेलाच आहे त्यांचं पाहू. १९९४ साली स्कँडिनेव्हियातल्या ४,४४४ रुग्णांवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्यांना सिमव्हास्टॅटिन दिलं, निम्म्यांना तशीच दिसणारी औषध नसलेली गोळी. साधारण साडेपाच वर्षांत औषध नसलेल्या गटात शंभरातले १२ जण दगावले, औषध घेणाऱ्यांत ८. शंभर माणसांमागे चार जीव वाचले. फक्त अटॅक टळला असं नाही, माणसं जिवंत राहिली. एका साध्या गोळीसाठी ही मोठी कमाई आहे.

आता ज्यांना अजून काहीच झालेलं नाही त्यांचं. २००८ च्या ज्युपिटर अभ्यासात एलडीएल फारसं वाढलेलं नसलेल्या, पण रक्तात सूज दाखवणारी चाचणी वाढलेल्या जवळजवळ १८,००० लोकांना रोसुव्हास्टॅटिन किंवा बिनऔषधाची गोळी दिली. "धोका ४४ टक्क्यांनी कमी" असा मथळा सगळीकडे झळकला. खोटा नव्हता. पण मुळात धोका केवढा होता? वर्षाला शंभरात १.३६ जणांना काहीतरी होत होतं, ते ०.७७ वर आलं. म्हणजे एका वर्षात एका माणसाला वाचवायला दीड-दोनशे जणांनी गोळी खायची. वर्षं वाढतात तसा हा हिशेब सुधारत जातो, हे खरं. तरी "४४ टक्के" ऐकताना जे वाटतं ते आणि हे, यात दादर ते विरार एवढं अंतर आहे.

बऱ्याच अभ्यासांची एकत्र बेरीज केली की एक ढोबळ नियम निघतो: एलडीएल ३९ ने खाली आलं की अटॅक-पक्षाघाताचा धोका साधारण एक पंचमांशाने कमी होतो. हा पंचमांश ज्याच्या त्याच्या मूळ धोक्यातून वजा करायचा. समजा, तुमच्यासारख्या शंभर जणांना चाळीच्या गच्चीवर उभं केलं. त्यातल्या पाच जणांना दहा वर्षांत अटॅक येणार असेल, तर गोळीने पाचाचे चार होतील. शंभर जणांनी दहा वर्षं गोळी घेतली, एकाचा फायदा झाला. तेच, तीस जणांना येणार असेल तर तिसाचे चोवीस होतील. सहा जण वाचले. एलडीएल याच्या दुप्पट उतरवलं तर फायदाही बराच वाढतो.

म्हणून माझा आग्रह असा असतो की डॉक्टरांना "धोका किती टक्क्यांनी कमी होईल?" असं विचारू नका. "माझ्यासारख्या शंभरातल्या कितींना फायदा होईल आणि कितींना त्रास?" असं विचारा. काही डॉक्टर वैतागतील. विचारा तरीही.

शंभरात एकालाच फायदा असेल तर मी कशाला घेऊ?

नका घेऊ, असंही तुम्ही ठरवू शकता. कमी धोका असलेल्या माणसाने सगळं समजून घेऊन "सध्या नको" म्हटलं तर मी त्याला हट्टी म्हणत नाही. कुणाला वाटतं, शंभरातला तो एक मीच असलो तर? कुणाला रोज गोळी गिळणं म्हणजेच आजारी असल्यासारखं वाटतं. दोन्ही माणसं शहाणी आहेत. पण हा पर्याय कमी धोक्याच्या माणसाचा. स्टेंट घातलेल्या माणसाने व्हिडिओ पाहून गोळी सोडणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि त्यावर मी रागावतो.

निर्णय काठावर अडकला तर सीटी स्कॅनवर काढलेला कॅल्शियम स्कोअर मदत करतो. हृदयाच्या रक्तवाहिन्यांत चुना साठलाय का ते त्यात दिसतं. शून्य आला, आणि डायबेटिस, धूम्रपान, घराण्यातला लवकरचा हृदयविकार यांपैकी काही नसेल, तर काही वर्षं गोळी पुढे ढकलता येते. बराच जास्त आला तर वाद संपला. ज्याचा निर्णय आधीच स्पष्ट आहे त्याने मात्र ही तपासणी करून पैसे घालवू नयेत. "फुल बॉडी चेकअप"च्या पॅकेजमध्ये ती फुकट मिळतेय म्हणून तर नाहीच नाही.

रिपोर्टमधला कुठला आकडा बघायचा?

एलडीएल, आणि नॉन-एचडीएल. दुसरा छापलेला नसेल तर एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल, म्हणजे "चांगलं" कोलेस्टेरॉल, वजा करा, झालं. ट्रायग्लिसराईड (रक्तातली दुसरी चरबी) ४०० च्या वर असेल तर नेहमीच्या सूत्राने काढलेलं एलडीएल भरवशाचं राहत नाही. तेव्हा नॉन-एचडीएल बघावं किंवा एलडीएल थेट मोजून घ्यावं.

बारा तास उपाशी राहायची गरज बहुतेकांना नाही. सकाळी चहा-पोळी खाऊन पहिल्यांदा तपासलं तरी चालतं. फक्त ट्रायग्लिसराईड खूप वाढलेलं निघालं तर पुन्हा उपाशीपोटी करायचं.

आयुष्यात एकदा लायपोप्रोटीन-ए (एलडीएलसारखाच एक चरबीचा कण) ही तपासणी करून घ्यावी. ती बहुतांशी जन्मजात ठरलेली असते, पुन्हा पुन्हा करावी लागत नाही. वाढलेली निघाली तर बाकीच्या गोष्टींत ढिलाई चालत नाही.

एलडीएल किती असायला हवं?

कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ साली दिलेल्या मार्गदर्शक सूचना अशा: कमी धोका असलेल्यांचं १०० च्या खाली, डायबेटिस-बीपीसारखा जास्त धोका असलेल्यांचं ७० च्या खाली, अटॅक-पक्षाघात होऊन गेलेल्यांचं ५५ च्या खाली. लॅबच्या कागदावर "१३० पर्यंत नॉर्मल" असं छापलेलं असतं, ते सगळ्यांसाठी एकच असतं. त्यामुळे स्टेंटवाले काका १२० घेऊन "नॉर्मल आहे की" म्हणत येतात आणि मला पहिल्यापासून सांगायला लागतं.

आपल्या लोकांना लवकर अटॅक येतो म्हणतात, खरं का?

खरं. अनेक देशांत मिळून झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांचा पहिला अटॅक सरासरी ५३ व्या वर्षी आला, बाकीच्या देशांत जवळपास ५९ व्या वर्षी. कारणं मात्र गूढ नव्हती. धूम्रपान, डायबेटिस, बीपी, पोटाचा घेर, बिघडलेलं कोलेस्टेरॉल, कमी हालचाल हीच होती, फक्त ती आपल्याकडे कमी वयात गोळा झालेली होती. परदेशी तक्त्यात आपलं वय-बीपी भरून काढलेला धोका म्हणूनच आपल्या बाबतीत थोडा कमी दिसू शकतो. वडिलांना किंवा भावाला ५५ च्या आत, आईला किंवा बहिणीला ६५ च्या आत हृदयविकार झाला असेल तर तो तपशील डॉक्टरांना न विचारता सांगा.

गोळी सुरू केल्यापासून पाय दुखतात. हा त्याचाच त्रास ना?

असू शकतो. बहुतेक वेळा नसतो. हे उत्तर कुणालाच आवडत नाही, मला माहीत आहे.

लंडनमध्ये एक सुंदर प्रयोग झाला, २०२० साली तो प्रसिद्ध झाला. त्रास झाला म्हणून स्टॅटिन सोडलेली ६० माणसं घेतली. त्यांना वर्षभराच्या बारा बाटल्या दिल्या: चार महिने स्टॅटिन, चार महिने हुबेहूब तशीच पण औषध नसलेली गोळी, चार महिने रिकामी बाटली, सगळं उलटसुलट क्रमाने. रोज मोबाईलवर त्रासाला शंभरातले गुण द्यायचे. रिकाम्या बाटलीच्या महिन्यांत सरासरी ८ गुण. स्टॅटिनच्या महिन्यांत १६. आणि खोट्या गोळीच्या महिन्यांत? १५ च्या वर. त्रास खरा होता, ढोंग नव्हतं, पण त्याचा नव्वद टक्के भाग गोळीतल्या औषधाचा नव्हता, गोळी घेतल्याचा होता. स्वतःचेच आकडे पाहिल्यावर निम्म्या लोकांनी पुन्हा स्टॅटिन सुरू केलं.

२०२२ मध्ये मोठ्या अभ्यासांची बेरीज झाली, त्यातही हेच दिसलं. स्टॅटिन घेणाऱ्यांत २७.१ टक्के लोकांनी अंगदुखी-अशक्तपणा सांगितला, बिनऔषधाच्या गोळीवाल्यांत २६.६ टक्क्यांनी. पन्नाशीनंतर अंग दुखतंच, आणि गोळी हाताशी असते दोष द्यायला. जास्तीचा खरा त्रास पहिल्या वर्षात हजारात ११ जणांना झाला, नंतर जवळपास कुणालाच नाही.

मग ओळखायचं कसं? औषधाचा त्रास बहुधा गोळी सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर आठवड्या-महिन्यांत येतो, दोन्ही बाजूंना येतो, मांड्या-पोटऱ्या-दंड असे मोठे स्नायू दुखतात. एकाच गुडघ्यात कळ, टाचेत सकाळी दुखणं, कंबरेतून पायात जाणारी मुंगी ही त्याची नाहीत. लालबागहून गिरगाव चौपाटीपर्यंत विसर्जनाला रात्रभर चालून आलेल्या माणसाचे पाय दुसऱ्या दिवशी दुखणारच. सीपीके ही स्नायूंची रक्तचाचणीही अशा वेळी करू नका. मॅरेथॉन, ट्रेक, दहीहंडीचा सराव यानंतर ती स्टॅटिनशिवायही वाढलेली येते.

त्रास औषधाचा वाटला तर मी आधी थायरॉईड आणि व्हिटॅमिन डी तपासतो, कारण दोन्हीच्या कमतरतेत स्नायू दुखतात, आणि थायरॉईड कमी असेल तर कोलेस्टेरॉलसुद्धा त्यामुळेच वाढलेलं असू शकतं. मग दोन-चार आठवडे गोळी थांबवून बघतो. दुखणं गेलं तर कमी डोस, किंवा दुसरं स्टॅटिन, किंवा दिवसाआड. बहुतेकांचं यातून जमून जातं.

धोक्याची खूण एकच पाठ करा: सगळं अंग प्रचंड दुखतंय, उठवत नाही, आणि लघवी काळ्या चहासारखी झालीये. हे अत्यंत क्वचित होतं, पण झालं तर गोळी बंद करून त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं, कारण स्नायू विरघळून किडनीवर ताण येतो. याच कारणाने सेरिव्हास्टॅटिन नावाचं एक स्टॅटिन २००१ मध्ये जगभरातून मागे घेतलं गेलं. आज ते मिळत नाही.

या गोळीने शुगर होते का?

थोडी वाढते, हे मान्य करायला हवं. काही डॉक्टर हे सांगायचं टाळतात, रुग्ण घाबरेल म्हणून. मग रुग्णाला ते व्हिडिओतून कळतं आणि डॉक्टरवरचाच विश्वास उडतो.

हिशेब असा: दहा हजार माणसांनी पाच वर्षं स्टॅटिन घेतलं तर ५० ते १०० जणांना जास्तीचा डायबेटिस निघतो. मोठ्या डोसमध्ये जास्त. यातले बहुतेक आधीच काठावर उभे असतात. म्हणजे एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) ६.३-६.४ आहे, पोट सुटलेलं आहे, आईला शुगर आहे. गोळीने त्यांचा आकडा दशांशाने सरकतो आणि रेषा ओलांडली जाते. दुसऱ्या पारड्यात बघा: अटॅक होऊन गेलेल्या तेवढ्याच दहा हजार माणसांचं एलडीएल साधारण ७७ ने उतरवलं तर पाच वर्षांत हजारेक मोठे झटके टळतात. झटका न आलेल्या पण धोका जास्त असलेल्यांत पाचशेच्या आसपास. त्याच दहा हजारांत गंभीर स्नायूदुखी पाच जणांना, आणि मेंदूत रक्तस्राव होऊन येणारा पक्षाघात पाच-दहा जणांना जास्तीचा.

ज्याचा धोका मुळातच कमी आहे आणि शुगर काठावर आहे, त्याच्या बाबतीत मात्र हा प्रश्न खरा अवघड आहे. तिथे मी आधी वजन आणि चालणं यावर सहा महिने देतो. डायबेटिस आधीच असेल तर उलट गोळीची गरज वाढते. "शुगर आहे म्हणून कोलेस्टेरॉलची गोळी सोडली" हे मी ऐकतो तेव्हा कपाळावर हात मारून घ्यावासा वाटतो.

लिव्हर खराब होतं का? आणि किडनी?

शंभरातल्या एखाद्याचे लिव्हरचे आकडे वाढतात आणि बहुधा आपोआप किंवा डोस कमी केल्यावर उतरतात. खरोखरचं गंभीर नुकसान लाखात एखाद्याला. अमेरिकेच्या औषध नियामकांनी २०१२ मध्ये दर काही महिन्यांनी लिव्हर तपासत बसायची सूचनाच काढून टाकली. सुरू करण्याआधी एकदा तपासावं, पुढे कावीळ, काळपट लघवी, भूक मरणं असं काही झालं तर. फॅटी लिव्हर आहे म्हणून स्टॅटिन नाकारू नका. अशा माणसाचा जीव बहुधा हृदयामुळे धोक्यात असतो, लिव्हरमुळे नव्हे. किडनी या गोळीने बिघडत नाही, पण आधीच बिघडलेली असेल तर रोसुव्हास्टॅटिनचा डोस कमी ठेवावा लागतो.

विसरायला होतं म्हणे?

मोठ्या अभ्यासांत स्मरणशक्ती घटल्याचं दिसलेलं नाही. क्वचित कुणी गोंधळल्यासारखं झाल्याचं सांगतं, गोळी थांबवली की ते जातं.

गोळी घेण्यापेक्षा खाण्यावर ताबा ठेवला तर?

ठेवाच. पण त्याने किती उतरतं याचा अंदाज असू द्या. आपल्या अंगातलं बरंचसं कोलेस्टेरॉल लिव्हरच तयार करतं, ताटातून येतं ते थोडं. खाणं नीट सांभाळलं तर एलडीएल साधारण दहा-पंधरा टक्क्यांनी उतरतं. स्टॅटिनच्या मध्यम डोसने ३० ते ४९ टक्के, मोठ्या डोसने ५० च्या वर. ११८ वाल्याला खाणं पुरेल, १९५ वाल्याला नाही पुरणार.

अंड्याला आपण उगाच बदनाम केलंय. एलडीएल जास्त वाढवते ती गोठणारी चरबी: तूप, लोणी, साय, मटणाची चरबी, बेकरीतली खारी-नानकटाई, आणि हो, खोबरं आणि खोबरेल तेल. मालवणी घरात हे वाक्य उच्चारायला धाडस लागतं, मी स्वतः मालवणी आहे. खोबरं सोडा असं म्हणत नाही, रोजचं वाटप अर्धं करा. कोळंबीत कोलेस्टेरॉल असतं पण ही चरबी फारशी नसते, त्यामुळे रस्सा चालेल, तळलेली नको. बांगडा आणि तारली मजेत खा. मटकी-चवळीची उसळ, ओट्स, इसबगोल यातला चोथा थोडं एलडीएल ओढून नेतो.

ट्रायग्लिसराईडची गोष्ट वेगळी. ते वाढतं साखर, मैदा, पाव आणि दारूने. चतुर्थीला दिवसभर साबुदाण्याची खिचडी आणि रताळ्याचा गोड कीस खाऊन "मी उपवास केला" म्हणणाऱ्यांचंही. ते ५०० च्या वर गेलं तर स्वादुपिंडाला सूज येण्याची भीती असते आणि मग वेगळं औषध लागतं.

लसूण, अर्जुनाची साल, फिश ऑइलच्या कॅप्सूल? "केमिकल" नको वाटतं.

लसणाने फरक पडतो तो नगण्य. दुकानातल्या साध्या फिश ऑइलने एलडीएल उतरत नाही. अर्जुनाच्या सालीने अटॅक टळतो असं दाखवणारा मोठ्या अभ्यासाचा पुरावा नाही, त्यामुळे ती गोळीच्या जागी नको.

आणि "केमिकल"चं म्हणाल तर स्टॅटिन मुळात बुरशीतून आलं. जपानच्या अकिरा एन्डो यांनी १९७० च्या दशकात हजारो बुरश्या तपासल्या आणि पेनिसिलियमच्या एका जातीतून पहिलं स्टॅटिन वेगळं केलं. लाल यीस्टचा तांदूळ म्हणून जे "नैसर्गिक" पूरक ऑनलाइन मिळतं, त्यातला गुणकारी घटक म्हणजे लोव्हास्टॅटिनच. फरक एवढाच की बाटलीत ते किती आहे हे कुणी मोजलेलं नसतं.

सकाळी घ्यायची की रात्री? चुकली तर?

अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन आणि रोसुव्हास्टॅटिन कधीही चालतात, सिमव्हास्टॅटिन रात्री. जी वेळ लक्षात राहते ती वेळ चांगली. एक दिवस चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका. डोस दुप्पट केल्याने परिणाम दुप्पट होत नाही, एलडीएल आणखी जेमतेम सहा टक्क्यांनी उतरतं.

नावात "गोल्ड" असलेली गोळी जास्त चांगली का?

ही वेगळी गोळी आहे, चांगली-वाईट नव्हे. आपल्याकडे अशा एकत्रित कॅप्सूलमध्ये बहुधा स्टॅटिनसोबत अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल ही रक्त पातळ करणारी औषधं असतात. "एव्ही" जोडलेल्या गोळीत अ‍ॅस्पिरिन आणि अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन असतं. स्टेंटवाल्यांना याची गरज असते. ज्याला काहीच झालेलं नाही त्याला पोटात रक्तस्राव व्हायचा धोका फुकटचा. शेजाऱ्याची गोळी "कोलेस्टेरॉलचीच आहे ना" म्हणून आणू नका, आणि दात काढायला जाताना गोळ्यांचं पाकीट सोबत न्या.

दुसऱ्या औषधांबरोबर चालते का?

क्लॅरिथ्रोमायसिन आणि एरिथ्रोमायसिन ही अँटिबायोटिक्स, इट्राकोनॅझोल हे बुरशीवरचं औषध, काही एचआयव्हीची औषधं यांच्यासोबत सिमव्हास्टॅटिन किंवा अ‍ॅटोर्व्हास्टॅटिनचं प्रमाण रक्तात वाढतं. नायट्यासाठी इट्राकोनॅझोल हल्ली सर्रास लिहिलं जातं, आणि त्वचेच्या डॉक्टरांना आपण कोलेस्टेरॉलची गोळी सांगत नाही. सांगा. ग्रेपफ्रूट जास्त खाऊ नये. गणपतीत येणारं पपनस त्याच कुळातलं आहे, तेव्हा प्रसादाच्या दोन फोडी ठीक, रोजचा रस नको.

रोसुव्हास्टॅटिनचं रक्तातलं प्रमाण आशियाई लोकांत गोऱ्यांच्या मानाने जवळपास दुप्पट निघतं, म्हणून आपल्याकडे पाच मिलिग्रॅमपासून सुरुवात करणं शहाणपणाचं.

रिपोर्ट नॉर्मल आला. आता बंद करू?

गोळीमुळे तो नॉर्मल आलाय. बंद केलीत की काही आठवड्यांत आकडा होता तिथे परत. पाणी उपसणारा पंप बंद केल्यासारखं आहे. सवय किंवा व्यसन लागत नाही, कधीही थांबवता येते, पण कारण संपलेलं नसतं. वीस किलो वजन उतरलं, थायरॉईड सुधारलं असं काही घडलं असेल तर मात्र पुन्हा हिशेब मांडायला हरकत नाही.

आई ८१ वर्षांची आहे. तिला कशाला ही गोळी?

आधी अटॅक किंवा पक्षाघात झाला असेल आणि गोळी सोसत असेल तर चालू ठेवा, त्या वयातही फायदा दिसतो. काहीच झालेलं नसेल तर पंच्याहत्तरीनंतर नव्याने सुरू करण्याचा पुरावा तोकडा आहे. आईची दिवसाला किती औषधं आहेत, ती किती हिंडतीफिरती आहे, तिला स्वतःला काय वाटतं, यावर ठरवावं. अंथरुणाला खिळलेल्या, जेवण घटलेल्या माणसाची ही गोळी मी स्वतःहून काढतो. घरच्यांना ते कधी कधी हात टेकल्यासारखं वाटतं, पण तसं नसतं.

मूल हवं आहे. गोळी चालू ठेवू का?

डॉक्टरांशी आधीच बोला. बहुतेक जणींना गरोदरपणात आणि अंगावर पाजताना ती बंद ठेवायला सांगतात. खूप धोका असलेल्या मोजक्या जणींचा निर्णय तज्ज्ञ वेगळा घेतात. नकळत दिवस गेले आणि गोळी चालू होती, तर घाबरून जाऊ नका, फक्त लगेच कळवा.

स्टॅटिन जमतच नाही. दुसरं काही?

इझेटिमाईब नावाची गोळी आतड्यातून शोषण कमी करते, एलडीएल १८-२० टक्क्यांनी उतरतं. बेम्पेडोइक अ‍ॅसिड स्नायूंत फारसं काम करत नाही, म्हणून स्नायूदुखी असलेल्यांना उपयोगी. २०२३ मध्ये त्याने झटके कमी होतात हेही दिसलं, पण युरिक अ‍ॅसिड वाढतं, गाऊट असेल तर सांभाळून. पीसीएसके-९ (एलडीएल कमी होऊ न देणारं प्रथिन) रोखणारी इंजेक्शनं खूप प्रभावी आहेत आणि खूप महाग. घराण्यातूनच एलडीएल भयंकर असलेल्यांसाठी मात्र ती वरदान आहेत.

जनऔषधीची स्वस्त गोळी चालेल का?

चालेल, मी माझ्या वडिलांना तीच देतो. शंका वाटत असेल तर सोपा उपाय आहे: दोन महिने घ्या आणि एलडीएल तपासा. आकडा उतरला असेल तर गोळी काम करतेय. अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत आहे, त्यामुळे त्याच्या किमतीवर सरकारी मर्यादा आहे. पालिकेच्या दवाखान्यांतही विचारा.

गणपतीला गावी जातोय आणि गोळ्या संपल्यात. आठ दिवस नाही घेतल्या तर?

ज्याला काही झालेलं नाही त्याचं आठ दिवसांत फारसं बिघडणार नाही, परत आल्यावर सुरू करा. अटॅक किंवा स्टेंटला वर्ष झालं नसेल तर एक दिवसही खंड नको, आणि तुमच्या पाकिटात रक्त पातळ करणारं औषधही असेल तर मुळीच नको. निघायच्या आठवडाभर आधी मोजून घ्या. जमलं नाही तर चिठ्ठीचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा, कणकवली-सावंतवाडीच्या मेडिकलमध्ये अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन मिळतं. तिथे ब्रँडचं नाव सांगू नका, औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम सांगा.